आक्काच्या खोलीची खिडकी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा पेणच्या माझ्या घरात मिस्त्री भिंतीला भोकं पाडत होता. तिसरा टीव्ही लावायचा होता, जिन्यासमोर, जिथे बसून टीव्ही बघणारं कुणी नाही. ड्रिलच्या आवाजात फोन ऐकूच आला नाही. नंतर मीच उलट लावला, तेव्हा रोह्याहून तिच्या शेजारच्या नलूवहिनी म्हणाल्या की आक्का सकाळी उठल्याच नाहीत... झोपेतच गेल्या. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनेच. मिस्त्रीला थांबायला सांगून मी गाडी काढली.

आक्का रोह्यात शाळेवर शिक्षिका होती. मूलबाळ नव्हतं. भाऊजी वारले आणि पाठोपाठ नोकरीही संपली, तेव्हा तिने तीन खोल्यांचा ब्लॉक सोडला आणि रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात नदीच्या अंगाला एक खोली भाड्याने घेतली. सोफा, डायनिंग टेबल, भाऊजींचं लोखंडी कपाट, सगळं हसत हसत वाटून टाकलं. दुःखाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला असं मी बायकोला म्हणालो होतो. एकदा न राहवून तिला विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? तर म्हणाली, "चहा उकळेपर्यंत माझं घर झाडून होतं, विनू. पुढचा सगळा दिवस मग माझाच." खोलीला खिडकी एकच. तिच्याखाली पाट टाकून ती बसायची, बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलायची आणि समोरच्या दोन घरांच्या मधून कुंडलिका नदी जेवढी दिसे तेवढी बघत राहायची. ती सुखात होती. ते मला दिसत होतं, पण पटत नव्हतं. डोलवीला कंपनीत माझ्या गाड्या कंत्राटावर लागलेल्या, पेणला दोन मजली घर, आणि सख्खी बहीण भाड्याच्या एका खोलीत... लोक काय म्हणतील या धास्तीने मी तिला सुखी करायला निघालो.

आधी दिवाळीच्या तोंडावर फ्रिज पाठवला. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी माझा ड्रायव्हर फराळ द्यायला गेला आणि येऊन म्हणाला, फ्रिज तर शेजारच्या घरात आहे. नलूवहिनींच्या घरात माणसं जास्त, त्यांना उपयोग जास्त, एवढाच आक्काचा हिशेब. माझं मात्र डोकं फिरलं. भाऊबीजेला मी गेलोच नाही, फोनही घेतला नाही. ती ओवाळणीचं ताट मांडून संध्याकाळपर्यंत दारात बसली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी गाडी पकडून आक्का स्वतः पेणला आली, मला ओवाळलं, करंज्या दिल्या, आणि फ्रिजचा विषयसुद्धा काढला नाही. मला वाटलं, चूक कळली तिला.

पुढच्या उन्हाळ्यात नातवाच्या बारशाला तिला चार दिवस पेणला ठेवून घेतलं आणि मागे माणसं पाठवून तिच्या खोलीत एसी बसवला. घरमालक भिंत फोडू देईना, म्हणून खिडकीतच बसवला आणि उरलेल्या जागेत प्लाय ठोकला. तिला घेऊन मी मोठ्या ऐटीत दार उघडलं. ती उंबऱ्यात थांबली. खिडकीकडे बघत राहिली. मी रिमोट दाबला, तेव्हा हळूच म्हणाली, "छान गार होतं रे." त्यानंतर मी जेव्हा जेव्हा वाटेत नागोठण्याहून फोन करून तिच्याकडे पोचलो, खोली गार असायची, भर दुपारी ट्यूबलाइट चालू असायची आणि आक्का कानावरून शाल घेऊन बसलेली असायची. वय झालं, असं मी धरून चाललो. एका पावसाळ्यात बिरड्यात वालाची सालं लागली, तर मी तिची थट्टाही केली, मोतीबिंदू काढून घे म्हणून. "घेते हो," म्हणून तीही हसली... डोळ्यांपुढे अंधार मीच करून ठेवला होता आणि डॉक्टरकडे जायला तिला सांगत होतो.

दिवसकार्य उरकल्यावर मी खोली रिकामी करायला गेलो. रिकामी करण्यासारखं होतंच काय? तिची गादी, ट्रंक, थोडी भांडी, सगळं गाडीच्या डिकीत मावलं. एसी काढायलाच तेवढी दोन माणसं लागली. तो उतरवला, प्लाय निघाला, आणि खोलीत एकदम उजेड आला. नलूवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. उजेडाकडे बघून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग त्यांच्याकडून कळलं की एसी फक्त मी येणार असलो की लागायचा. एरवी आक्का वाल घेऊन बाहेर पायरीवर बसायची, तिथून समोरची भिंत दिसते. पाऊस लागला की आत दिव्याखाली.

मी विचारलं, तिने काढून का नाही टाकला? फ्रिज दिला तसा कुणाला देऊन का नाही टाकला?

वहिनी जरा घुटमळल्या. "मी बोलले होते त्यांना, भाऊ. माझ्या पोरांना सांगून काढून घेते बोलले. तर बोलल्या, असू दे गो नलू. काढला तर विनू यायचा नाय."

असं कसं, बहिणीकडे यायचं कुणी बंद करतं का, असं मी म्हणायला गेलो. तोंड उघडलंही होतं. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या भाऊबीजेला आक्का दारात बसली होती ते त्यांनी पाहिलं होतं. मी चहाचा कप उचलला. मी नसतोच गेलो. हे आक्काला पक्कं ठाऊक होतं.