आठ अर्ज आणि एक दाखला

ती सोमवारची सकाळ विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. मी तेव्हा नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हजेरी नुकतीच संपली होती, तोच एका खासगी शाळेचे मुख्याध्यापक धापा टाकत आत आले. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर कोणीतरी कार्यालयाचा कडीकोयंडा उचकटला होता.

पंचनाम्याला गेलो. दोन लॅपटॉप जागेवर, प्रोजेक्टर जागेवर, कपाटातले चषकसुद्धा जागेवर. गेली होती फक्त एक फाइल. माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, हा चोर आहे का चौकशी अधिकारी?" मला हसू आलं, पण दाबलं. फाइलीत काय होतं असं विचारलं की मुख्याध्यापक "किरकोळ कागद हो" म्हणत आणि रुमालानं मान पुसत. किरकोळ कागदासाठी माणूस एवढा घामाघूम होत नाही. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला.

खबर दोन दिवसांनी आली. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याचा फोन होता. "साहेब, माझं नाव घेऊ नका. दहावीतली एक मुलगी शाळेला दिलेल्या अर्जांच्या झेरॉक्स काढून गेली. अर्ज आठ, आईबाप आठ, अन् अक्षर एकाचंच. मला काही ते बरोबर वाटलं नाही." मुलीचं नाव त्याला ठाऊक होतं.

आता माझी चूक सांगतो. अल्पवयीन मुलाकडे गणवेशात जायचं नाही, त्याला चारचौघांत उभं करायचं नाही, हा कायदा मला तोंडपाठ होता. नव्या फौजदारांना मीच तो शिकवायचो. पण गुन्हा उघडकीला येतोय म्हटलं की पोलिसाच्या अंगात येतं. मी गाडी थेट शाळेच्या मैदानात घातली. प्रार्थना चालू होती. साऱ्या शाळेदेखत तिचं नाव पुकारलं. ती रांगेतून बाहेर आली, मान खाली न घालता. सोळा वर्षांची, किडकिडीत पोर.

ठाण्यात महिला कक्षात बसवलं. महिला हवालदार शेजारी, तिची आई समोर. आई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती, वडील वारलेले.

"फाइल तू घेतलीस?"

"हो."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. एकटीच होते."

"फाइल कुठंय?"

यावर तोंडाला कुलूप. गोड बोललो, दरडावलं, चहा पाजला. पंचवीस-तीस वर्षं मी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं, या पोरीनं मला दाद दिली नाही. शेवटी आईच्या ताब्यात दिलं आणि दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळापुढे हजर राहायला सांगितलं.

संध्याकाळी आई पुन्हा ठाण्यात. हातात शाळा सोडल्याचा दाखला. शाळेनं त्याच दिवशी नाव कमी केलं होतं, वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहून. आई म्हणाली, "साहेब, पोरगी चोर नाय हो. आता कोन घेईल तिला? तिच्या मामानं घोटीला पोरगा बघून ठेवलाय. शाळा सुटली की लगीन, त्यो थांबायचा नाय."

"लग्न लावू तर दे, मामाला आधी आत टाकतो," मी गरजलो. पण मनातून चरकलो. कायद्यानं लग्न थांबवता येतं. गेलेली शाळा कुठून आणायची?

त्याच संध्याकाळी साध्या कपड्यांत, महिला हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, कोपऱ्यात नीट लावलेली पुस्तकं. मी मुलीला म्हटलं, "बाळ, सकाळी मी शाळेत आलो तसं यायला नको होतं. माझं चुकलं." ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली.

"फाइल दिली तर परत त्यांनाच द्याल?"

"मंडळापुढे ठेवीन. शब्द देतो."

तिनं पिठाचा डबा उघडला. पिठावर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल होती. आत आठ अर्ज. 'आमचा पाल्य अभ्यासात कच्चा असल्याने स्वखुशीने शाळेतून नाव कमी करत आहोत, दहावीला खासगीरीत्या सतरा नंबरचा फॉर्म भरू.' खाली कुठं अंगठा, कुठं थरथरती सही. साऱ्या प्रकाराचा उलगडा झाला. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्ची पोरं आधीच काढून टाकायची, आणि कागदोपत्री ती आईबापांची इच्छा दाखवायची. काय लिहिलंय ते वाचताही न येणाऱ्या आईबापांना कसली आलीय स्वखुशी!

मी तिचा अर्ज शोधू लागलो. दोनदा चाळलं. सापडेना.

"तुझा कुठंय?"

"माझा कशाला असेल सर? मी वर्गात तिसरी येते."

"मग तुला गं काय पडलं होतं?"

"माझ्या शेजारी बसायची तिनं वह्या रद्दीत घातल्या. म्हणाली, मी ढ आहे ना. ती ढ नाहीये सर. गणित तिला दोनदा सांगावं लागतं, एवढंच."

खरं सांगतो, त्या पोरीपुढे मला माझी सारी नोकरी थिटी वाटली. स्वतःचं सगळं नीट चाललेलं असताना दुसऱ्यांसाठी कडी उचकटणारा आरोपी मी पाहिला नव्हता.

मंडळापुढे न्यायाधीश बाईंनी विचारलं, "पश्चात्ताप होतो?" ती म्हणाली, "कडी तोडली ते चुकलं. अर्ज घेतले ते नाही." तिच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र बराच वेळ कागद वाचत राहिल्या. मंडळानं तिला समज देऊन सोडलं, आणि अर्जांची चौकशी करायला शिक्षण विभागाला कळवलं.

चौकशी होईपर्यंत तिचं वर्ष जाऊ द्यायचं नव्हतं. मी तिला आणि आईला घेऊन तीन शाळा फिरलो. पोलीस अधिकारी म्हटल्यावर खुर्ची मिळायची, चहा यायचा. दाखला वाचला की "जागा भरल्यात हो". शेवटी त्र्यंबक रस्त्याला एका निवृत्त शिक्षिकेचं केंद्र सापडलं. जुन्या गोदामात भरणारा वर्ग, निरीक्षणगृहातून सुटलेली, शाळांनी काढलेली मुलं. मी प्रकरण सांगायला लागलो, तर बाईंनी हात वर केला. "कलम नका सांगू साहेब. कितव्या धड्यापर्यंत झालंय तेवढं सांगा." आणि पोरीला म्हणाल्या, "ये गं, बस." बस, एवढाच प्रवेश. ज्या सतरा नंबरच्या फॉर्मविरुद्ध ती भांडली, तोच फॉर्म तिच्यासाठी काढून ठेवला गेला.

तो भरायची वेळ आली नाही. महिन्याभरात आठही मुलं शाळेत परत घेतली गेली. तिलाही परत घेण्याचं पत्र निघालं. मी ते स्वतः गोदामातल्या वर्गात घेऊन गेलो, तिच्या आईसह, पेढे घेऊन. तिनं पत्र वाचलं, आईकडे दिलं, आणि मला विचारलं, "सर, यात माझं एकटीचंच नाव आहे?"

मी मागे बसलेल्या मुलांकडे पाहिलं. त्यातली चार मला ओळखीची वाटली. का ओळखीची, ते आठवायला फार वेळ लागला नाही. त्यांना शाळेतून मीच उचललं होतं, गणवेशात. गुन्हे किरकोळ होते, मंडळानं केव्हाच सोडलंही होतं. शाळांनी सोडलं नव्हतं.

ती शाळेत परत गेली, दहावी झाली, मामाचा विषय मिटला. मी मात्र केंद्रातल्या बाईंकडून त्या चौघांचे पत्ते घेतले. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की पोराला पकडलं म्हणजे आपलं काम अर्धंच होतं; तो पुन्हा वर्गात बसेपर्यंत ते पुरं होत नाही. हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळलं, तेही एका आरोपीकडून.

पहिल्या पत्त्यावर रविवारी सकाळी गेलो, साध्या कपड्यांत. मुलगा अंगणात सायकल पुसत होता. मला पाहताच उठून उभा राहिला. मी म्हटलं, "चल, तुझ्या शाळेच्या सरांच्या घरी जाऊ. मी बोलतो त्यांच्याशी."

त्यानं फडकं खाली ठेवलं, दोन्ही हात माझ्यापुढे केले आणि म्हणाला, "साहेब, आता काय केलं मी?"