सोमवारी लेझीम

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि मला राजधानीची बाई व्हायची घाई झाली. हे आज कबूल करते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

शंकर नगरात आमच्या महिला मंडळाचं उन्हाळी शिबिर दर मे महिन्यात भरायचं. सकाळी सहा ते नऊ. त्यानंतर ऊन कुणाला उभं राहू देत नसे. चित्रकला, श्लोक, खेळ आणि शेवटी लेझीम. लेझीम शिकवायचे रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, मूळचे अकोल्याकडचे. सायकलच्या कॅरिअरवर लेझिमांचं पोतं बांधून यायचे. गळ्यातली शिट्टी वाजली की हिंदीत भांडणारी पोरंही मुकाट रांगेत उभी राहायची. वर्षभर ते या एका महिन्याची वाट बघतात, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही नाही.

राज्य झालं तशी नवी कुटुंबं आली. त्यांतल्या एका बाईंनी बैठकीत सुचवलं की लेझीम काढून डान्स ठेवावा, मुलांना तेच हवंय. सगळ्यांच्या आधी मान मी डोलावली. काकांना कळवायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि मी ते आज-उद्यावर ढकलत राहिले.

पहिल्या दिवशी पावणेसहालाच काका हजर. सैल चकत्या घट्ट केलेल्या, दोन-तीन लेझिमांना गोल बाजारातून नव्या साखळ्या आणून बसवलेल्या. पंडरी भागातल्या क्लासमधले डान्सवाले भैया स्पीकर जोडत होते. तेव्हा तरी सांगायचं की नाही! मी म्हटलं, यंदा डान्स आधी आहे काका, तुमची बॅच जरा नंतर लावू. काका "हव" म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेनं मात्र भीक दुसऱ्याला मागायला लावली. रिकामे बसलेले काका डोळ्यांत खुपायला लागले, म्हणून चौथ्या दिवशी मीच म्हटलं, तेवढं पाण्याकडे बघता का? त्यांनी माठांना ओलं पोतं गुंडाळलं, ग्लास विसळून उपडे मांडले. धापा टाकत आलेल्या पोराला ते आधी बसवायचे, मग पाणी द्यायचे. आपली बारी कधी आहे, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी सोमवार सांगितला. का सांगितला, देव जाणे. सोमवारी ते शिट्टी घालून आले. ती दिसली तशी मी सामानाच्या खोलीत शिरले आणि अर्धा तास सतरंज्यांच्या घड्या घालत बसले. मंगळवारी गळ्यात शिट्टी नव्हती. पाण्याचं काम मात्र त्यांनी महिनाभर केलं.

समारोपाला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाली, "और हमारे पानीवाले दादाजी." सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. काकांनी उभं राहून हात जोडले. पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी गावातल्या सगळ्या समाजांचा एक कार्यक्रम ठरला आणि आम्हाला काहीतरी मराठी दाखवा असा निरोप आला. लेझीम बसवू या, असं त्याच नव्या बाई म्हणाल्या. मी काकांच्या घरी गेले. चहा झाला. लेझिमांचं पोतं घेऊन जा म्हणाले. शिकवायला मात्र येणार नव्हते. माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले: मुलांना तुमची फार आठवण येते.

काका हसले. "येत असन. पण आता पोट्टे मले पाहून लाइनीत उभे नाही राहणार, पोरी. पाणी मागतीन."

रागावले असते तर पाया पडून मोकळी तरी झाले असते. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले, ऊन लय हाय, डोक्यावर पदर घे म्हणाले. मी पदर घेतला आणि निघाले. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.