चौथ्या विमानाची जागा

अन्वी, निहार — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या तुमच्या आजोबांनाही नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं. दर वेळी पहिल्याच पानावर मी स्वतःला बरी ठरवत होते — काय उपयोग त्याचा? इंग्रजीत लिहावं असंही वाटलं, तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार सुबक होतात, त्यांच्यामागे लपता येतं. तेव्हा मराठीतच लिहिते. आई वाचून दाखवेल, म्हणजे तिलाही त्याच वेळी कळेल.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. अन्वीच्या नव्या डॉक्टरांचा फॉर्म भरत होती. "आई, बाबांचं विसरणं कितव्या वर्षी सुरू झालं गं? फॅमिली हिस्टरीत लिहायचंय."

आणि मी काय म्हणाले? "सत्तरीच्या आसपास." इतक्या सहज! फोन ठेवला आणि स्वतःचा असा संताप आला की पुसलेला ओटा मी पुन्हा पुसत बसले.

तुम्हाला माहीतच आहे, मी व्यवस्थित बाई आहे. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तीस वर्षं काढली. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. घरातही तसंच. कुणाचं काही सापडेनासं झालं की मला हाक यायची, आणि मी न बघता सांगायचे — दुसरा खण, डावीकडे. त्या हाकेची मला किती सवय झाली होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. की कळत होतं?

आजोबा निवृत्तीनंतर विमान उडवायला शिकले. छोटं विमान, भागीदारीत घेतलेलं. पहिल्यांदा त्यांना असं काहीतरी मिळालं होतं ज्यात माझं काम नव्हतं. एकदा मी बरोबर गेले — डोळे मिटूनच बसले, आणि उतरल्यावर त्यांच्या टोपीत ओकले. त्यानंतर माझ्याकडे एवढंच राहिलं: त्यांचे कागद. उडायच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांचं पारदर्शक पाकीट ठेवायचं. त्यात वैमानिकाचं लायसन्स, जादा चष्मा, आणि डॉक्टरांनी तपासून दिलेला मेडिकलचा कागद. तो कागद जवळ नसेल तर उडायचं नाही, असा नियम आहे.

त्या वर्षी आमच्या जवळच्या छोट्या विमानतळाच्या ओपन हाउसला, म्हणजे लोकांना विमानं बघायला बोलावतात त्या दिवशी, चार जणांनी आपापली विमानं घेऊन एकत्र उडायचं ठरवलं. चार विमानं पतंगाच्या आकारात. एक पुढे, दोन बाजूंना, आणि एक मागे मधोमध. मागची जागा आजोबांची. पुढच्या तिघांवर सतत नजर ठेवायची, म्हणून ती शांत डोक्याच्या माणसाला देतात, असं लीडर डेव्ह मला म्हणाला होता. डेव्ह निवृत्त शाळामास्तर. आजोबा सहा महिने त्या एका जागेसाठी सराव करत होते. तुम्ही खास कॅलिफोर्नियाहून आला होतात. निहार नऊ वर्षांचा, अन्वी पाच.

आदल्या संध्याकाळी चौघे आमच्या पिस्कॅटवेच्या घरी जमले. उडण्याआधी ही मंडळी जमिनीवर चालून तालीम करतात. मागच्या अंगणात चार म्हातारे हात पसरून, एकमेकांत अंतर राखून, वळणं घेत चालत होते, आणि त्यांच्यामागे तुम्ही दोघं, तोंडाने घूं घूं करत. मी वडे घेऊन बाहेर आले. डेव्हने सहज विचारलं, तुम्ही नाही का जात यांच्याबरोबर?

"ही?" आजोबा म्हणाले. "हिला एकदा नेलं होतं. आमची टोपी गेली!" आणि मग सगळी गोष्ट, नकलेसकट. "ही आमची ग्राउंड क्रू. वडे मात्र फर्स्ट क्लास."

सगळे हसले. तुमची आई तर डोळे पुसत हसली. मीही हसले, वडे वाढले.

एवढंच. खरंच एवढंच झालं होतं. याहून मोठं कारण शोधायचा मी वर्षानुवर्षं प्रयत्न केला. म्हणजे मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती, वय झालं होतं, विमानं फार जवळून उडतात... नाही. भीती नव्हती. राग होता.

रात्री आजोबांनी पाकीट माझ्यासमोर तपासलं. लायसन्स, चष्मा, मेडिकल. सकाळी ते दाढी करत असताना मी मेडिकलचा कागद काढला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. मनात काय होतं? पाच मिनिटं शोधू देत. मला हाक मारू देत. मग चारचौघांत म्हणायचं — हा घ्या, विमान उडवायला निघाले.

हँगरपाशी डेव्ह सगळ्यांचे कागद बघत होता. आजोबांनी पाकीट उघडलं. मग खिसे. मग बॅग पूर्ण उलटी केली. आम्ही प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभे होतो, तिथवर ते आले. मागे डेव्ह.

"अगं, मेडिकल तुझ्याकडे राहिलंय का?"

पर्स माझ्या खांद्याला होती. इतकी माणसं बघत होती — कागद पर्समधून निघाला तर तो तिथे गेला कसा, हे कुणीतरी विचारणारच. आणि हेही लिहायलाच हवं: त्यांचा उतरलेला चेहरा पाहून क्षणभर मला बरं वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

"तुझ्याकडे कसं असेल," ते म्हणाले. "मीच कुठेतरी टाकलं असणार."

घरी जाऊन यायला वेळ नव्हता. तिघेच उडाले. मागचं विमान नसलं तर पुढच्या तिघांचा नुसता बाण दिसतो, आणि तो पूर्ण वाटतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीतरी कमी आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही. आजोबा निहारचा हात धरून उभे होते आणि मान वर करून बाणाच्या मागे, मधोमध, काहीच नव्हतं तिथे बघत होते.

त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतं तर? भांडण झालं असतं, त्यांनी आठवडाभर अबोला धरला असता. संपलं असतं. मी काय केलं? कागद त्यांच्या रेनकोटच्या आतल्या खिशात ठेवला. चुकीच्या कपाटात. तीन दिवसांनी त्यांना तो तिथे सापडला. ते कागद हातात धरून खुर्चीत बसून राहिले. "मी पाकिटात ठेवला होता," ते म्हणाले, "मला ठेवलेला आठवतोय." पाकीट तपासताना मी समोर होते, हेही त्यांना आठवत होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं. मी डाळीला फोडणी दिली.

त्यानंतर ते उडाले नाहीत. आज कागद विसरलो, उद्या पेट्रोलचा कॉक उघडायला विसरेन, आणि पुढे तीन माणसं असतील — हे त्यांचं म्हणणं. डेव्हने दोनदा फोन केला. मग थांबला.

आणखी एक आहे. हे लिहायचं टाळण्यासाठीच मी आधीची तीन पत्रं फाडली.

आजोबा स्मरणशक्तीची तपासणी करायला गेले, स्वतःहून. मी शेजारी बसले होते. त्यांनी शब्द बरोबर सांगितले, घड्याळ बरोबर काढलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं — घरी तुम्हाला काही जाणवतं का?

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या आशेने कुणी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"थोडंफार," मी म्हणाले.

का? कारण "नाही" म्हटलं असतं तर कागद रेनकोटात ठेवला कुणी, हा प्रश्न उरला असता.

पुढे सहा वर्षं ते त्या "थोडंफार"बरोबर जगले. गॅस तीनदा बघायचे. किल्ल्या हातात असताना किल्ल्यांची यादी करायचे. तुम्ही आलात की दारातच ओरडायचात, "आजोबा, पॉकेट्स!" आणि ते दोन्ही खिसे उलटे करून दाखवायचे, तुम्हाला हसवण्यासाठी. तुमची चूक नव्हती. तुम्हाला जे सांगितलं होतं त्यावर तुम्ही हसत होतात. मीही तिथेच उभी असायचे, आणि हसायचे. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये, त्यांनी मला चारही विमानांचे शेपटीवरचे नंबर न अडखळता म्हणून दाखवले आणि विचारलं, "बरोबर आहेत ना गं?" मला नंबर माहीत नव्हते. मी कधी बघितलेच नव्हते.

हे वाचून माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. मी त्याबद्दल काही लिहिणार नाही.

तो कागद या पत्राबरोबर पाठवते आहे. रेनकोटच्या घडीची रेघ अजून आहे त्यावर, पण वाचता येतो. त्या सकाळी आजोबांकडे लायसन्स होतं, जादा चष्मा होता, नकाशा होता, खिशात पेन होतं, आणि निहारसाठी घेतलेली गोळ्यांची पुडीसुद्धा होती. ते काहीही विसरले नव्हते.

कागद माझ्याकडे होता.