खाऱ्या वाऱ्याची परीक्षा

आमच्या पुण्यातल्या कंपनीत ‘खडतर वातावरण’ हे शब्द एसी लावून उच्चारतात. मी तिथे पिझो अ‍ॅक्च्युएटर बनवायचे. म्हणजे सिरॅमिकच्या पातळ चकत्यांची बोटभर चवड. तिला वीज दिली की ती केसाच्या जाडीहूनही कमी लांबते, पण सांगू तेवढीच लांबते. तेवढ्या हालचालीने समुद्रात बसवलेल्या कॅमेऱ्याचं भिंग जागेवर आणायचं. घरी हे समजावलं तेव्हा आईने विचारलं, “म्हंजे लोणच्याच्या बरणयेचो तुकडोच मां गो?” तत्त्वतः तिचं बरोबर होतं. सहा वर्षं मी त्या तुकड्यापायी घालवली होती.

चाचणीला खारी हवा हवी होती. ती तयार करणारी पेटी महाग, आणि माझं माहेर तारकर्लीला. साहेबांनी लगेच मेळ घातला. “तुमच्या घरी समुद्र आहेच की,” म्हणाले, जणू तो आम्ही माळ्यावर ठेवलाय. वर्षभर उघड्यावर टिकलं तर माल बाजारात, नाही टिकलं तर प्रकल्प बंद. मी घरामागे, समुद्राच्या तोंडावर खांब रोवून यंत्र बसवलं. बाबा निवृत्त शिक्षक, तेही विज्ञानाचे. त्यांना ‘जरा बघा’ एवढं सांगून मी पुण्याला परतले.

रोजच्या नोंदी मोबाइलवर यायच्या. सगळं उत्तम, फक्त रोज संध्याकाळी दहा मिनिटांची फट. साहेबांनी विचारलं तर मी म्हणाले, लाईट जात असेल. लाईट गेली यात कोकणातल्या माणसाला संशय घेण्यासारखं काही दिसत नाही. पुण्याच्या माणसाला तर वाटतं, तिकडे सगळं असंच असणार.

वर्ष सरलं. साहेबांनी माहितीपत्रक छापून घेतलं. त्यावर मोठी लाट आणि खाली ‘समुद्राला पुरून उरणारं’. केक कापला. यंत्र आणायला मी घरी गेले. आमच्याकडे वर्षभरात कडी गंजते, कुलूप गंजतं, माणसाचा स्वभावही थोडा गंजतो. हा पठ्ठ्या मात्र लग्नातल्या समईसारखा चमकत होता. जवळ गेले तर खोबरेलाचा वास.

मी विचारलं, याला काय लावलंत?

“रोज सांजेक बटन बंद करतंय,” बाबा कौतुकाची वाट बघत म्हणाले, “गोड्या पाण्यान धुतंय, पुसतंय आणि तेलाचो हात फिरवतंय. मगे बटन परत चालू आणि वरसून पिशवी. सकाळी उठान पिशवी काढतंय. तूच सांगलंस मां, जरा बघा म्हणान?”

सांगितलं होतं खरं. पण आमच्याकडे गुरांकडे बघतात, भाताकडे बघतात, आजाऱ्याकडे बघतात. नुसतं डोळ्यांनी कोण बघतं? त्याच घरात वाढलेल्या मला हे कळू नये! मी आरडाओरडा केला. जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंत, असंही बोलले. ते ओशाळले. “खाऱ्या वाऱ्यात वस्तू अशी उघड्यार कोण टाकता गो?” एवढंच म्हणाले.

साहेबांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, “पण टिकलं ना?” मग तेलाचा उल्लेख टाळून अहवाल माझ्यापुढे सरकवला. मी सही केली नाही. यात शौर्य काही नव्हतं, नुसता संताप होता. कुणाचा तरी कॅमेरा समुद्रात बसणार, आणि त्याच्यासोबत माझे बाबा जाणार नव्हते.

माझ्या सहीशिवाय अहवाल अडला, म्हणून चाचणी पुन्हा सुरू केली. बाबांना दम दिला, काही झालं तरी हात लावायचा नाही. आई फोनवर सांगायची, “सांज झाली की तेलाची बाटली घेवन खांबापर्यंत जातत, आणि तशेच परत येतत.” मी हसले होते, हे आठवून अजून लाज वाटते.

आषाढातल्या उधाणात यंत्र बंद पडलं. शेवटच्या नोंदींवरून कळलं, सिरॅमिक शाबूत होतं. तार जिथे त्याला जोडली होती, त्या सांध्यातून खारी ओल आत गेली. इतकी वर्षं आम्ही सगळे शहाणे त्या चवडीचं कौतुक करत बसलो आणि सांधा तसाच राहिला. साहेबांनी प्रकल्प बंद झाल्याचं मेलने कळवलं, शेवटी ‘शुभेच्छांसह’ लिहून.

मी घरी फोन केला. यंत्र बंद पडल्याचं बाबांना आधीच कळलं होतं. “मी हात लावूक नाय हां,” ते घाईघाईने म्हणाले. “आयेक विचार. एकदासुद्धा नाय.”

त्यांची काही चूक नाही, माझीच होती, असं मी कसंबसं म्हणाले.

“आता तरी धुवू काय गो तेका?”