लखूचा वाघ्या आणि देवाचा कोंबडा

दिग्गी गावात आमचा शेजारी लखू एके काळी फक्त बायकोला भ्यायचा. कॅसलरॉकच्या रेल्वेसाहेबानं विलायतेला जाताना वासराएवढा कुत्रा त्याच्या गळ्यात मारला, तेव्हापासून त्याला झोप न्हाई. ससा, मांजर, कोंबडी, काहीही हललं की वाघ्या सुटायचा. दोन कोंबड्या गेल्यावर गावकऱ्यांनी बजावलं, "देवाच्या कोंबड्याला दात लागला, तर कुत्रं गावाबाहेर."

आता देवाला सोडलेला कोंबडा कोंडून ठेवता येत न्हाई. तो वाटेतच हिंडणार.

लखूनं ओढाळ गुराला बांधतात तसं लाकडी लोढणं वाघ्याच्या गळ्यात अडकवलं आणि दोर आपल्या कमरेला बांधला. सशामागं वाघ्या गेला, लोढणं गेलं, लखूही गेला. मग त्यानं मुठीत सुकट धरली. वाघ्याचे कान ताठ झाले की धाव घ्यायच्या आधीच हाक मारायची. मान वळली की चिमूटभर द्यायची.

"कुत्र्याला सुकट, मला नुसती पेज," बायको तुळजा म्हणाली. "मीबी कान ताठ करू?"

मागच्या आठवड्यात सुकट दिसताच कोंबडाच वाघ्याच्या पायांत शिरला. वाघ्या थरथरू लागला. घाबरलेल्या लखूच्या मुठीतली सुकट सांडली आणि कोंबडा निवांत टिपू लागला. वाघ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग लखूकडं, आणि रिकामी मूठ चाटली.

कुत्रा गावात राहिला. कोंबडा मात्र सुकटीच्या आशेनं रोज सकाळी लखूच्या दारात उभा असतो, आणि लखू दाराच्या फटीतून बघितल्याशिवाय बाहेर पडत न्हाई.

"लखबा, कोंबड्यालाबी लोढणं बांध," असं मी सुचवलं. तेव्हापासून लखू माझ्याशी बोलत न्हाई.