डावीकडे ओढणारी गाडी

नवऱ्याला धुळ्यात नोकरी लागली आणि आमची जुनी पिकअप माझ्याकडे आली. मी जळगाव शहरात वाढलेली. अमळनेरजवळच्या सासरी आल्यावर आधी शेती शिकले, मग ही गाडी. थंडीत भरताची वांगी भरून बाजारात न्यायचं काम मला इतकं आवडायचं की आदल्या संध्याकाळीच मी काच पुसून ठेवायची.

त्या हिवाळ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेकवरून पाय काढला तरी पुढचं डावं चाक धरूनच राहायचं. करपल्याचा वास यायचा, चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग. पण गॅरेजात नंबर लागेपर्यंत चाक गार व्हायचं आणि आपोआप मोकळंही. मेकॅनिकने आधी पॅड बदलले, मग ते पॅड चाकावर आवळणारा कॅलिपर नवा बसवला. दोन खेपा झाल्या की पुन्हा तेच.

"मास्टर सिलिंडर गयं," माझे सासरे म्हणाले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, मत देणं नाही.

"मास्टर तर पेडलपासून सगळ्याच चाकांना ब्रेकचं तेल ढकलतो. तो गेला असता तर उजवं चाकही धरलं असतं ना, आबा? ते तर गार आहे."

आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि चपला घातल्या. "चाल, आपणच देखूत."

अंगणात मागच्या चाकांना दगड लावले, डावी बाजू जॅकवर घेतली. हाताने चाक फिरवलं तर भिंगरीसारखं फिरलं. मी आत बसून ब्रेक दाबला, सोडला, खाली उतरून पुन्हा फिरवून पाहिलं. जागचं हलेना! इतके दिवस हुलकावणी देणारा बिघाड आमच्याच अंगणात हाती लागला होता. मला हसूच फुटलं.

"आते निपल सोड," आबा म्हणाले. निपल म्हणजे कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा नट.

मी पाना लावला, पण थांबले. "आबा, आधी वरून सोडून पाहू? लोखंडी पाइप रबरी नळीला जोडलाय ना, तिथून. तिथं सैल केल्यावर चाक सुटलं तर बिघाड वर, मास्टरकडे."

"सोड, सोड!" आता त्यांनाही राहवेना.

वरचा सांधा सैल केला. तेलाचे चार थेंब ओघळले. चाक तसंच घट्ट. सांधा आवळून मी खालचा निपल सोडला आणि तेलाची चिळकांडी थेट आबांच्या धोतरावर! चाक सुटलं, फिरायला लागलं. आम्ही दोघांनी एकदमच त्या नळीकडे बोट केलं.

"तेल नळीमाच अडकेल शे!" आबा ओरडले. धोतराचं त्यांना भानही नव्हतं.

नळी काढून मी फुंकून पाहिली. गाल फुगले, हवा पलीकडे जाईना. बाहेरून नळी धडधाकट दिसत होती. विळ्याने कापली तर आतलं रबर सुजून वाटच बुजलेली. पायाच्या जोराने तेल कसंबसं चाकाकडे जायचं, पण परत यायला त्याला रस्ताच नव्हता.

मी स्कूटी काढून अमळनेरहून दोन्ही बाजूंच्या नव्या नळ्या आणि तेल आणलं. नळ्या बसवल्या. आता लाइनमधली हवा काढायला पेडलवर कुणीतरी हवं होतं. आबांनी सासूबाईंना हाक मारली.

"मी काय डायवर शे का?" म्हणत त्या चढल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसल्या.

"दाब! धरी ठेव!" आबा सांगायचे. मी निपल उघडायची, बुडबुडे फसफसत बाहेर पडायचे, मी निपल बंद करायची. "सोड!"

"मना पाय दुखस ना!" त्या कुरकुरल्या. पण बुडबुडे संपून नुसतं स्वच्छ तेल आलं तरी त्या दाबतच होत्या.

रिकामी गाडी मी आधी शेताच्या रस्त्याला घातली. शेजारी आबा आणि सासूबाई. वेग हळूहळू वाढवला, स्टेअरिंगवरची पकड सैल केली आणि ब्रेक दाबला. गाडी कुठेही न ओढता सरळ थांबली. पाय काढताच हलकी होऊन पुढे सरकली. मी आनंदाने हॉर्नच वाजवत सुटले. कापसाच्या रानातले मजूर उभे राहून बघायला लागले. आबांनी खाली उतरून दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखीच कोमट.

"व्हयनं काम!" ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"मंग आखो एक फेरी मार," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी सरकून बसल्या होत्या. मी गिअर टाकला.