कयाकची आयुधपूजा

समस्त म्हैसूरकरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते, की समुद्रापासून सहा तासांच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका पन्नाशीच्या इसमाने समुद्रात गळ टाकण्यासाठी चौदा फुटी कयाक विकत घेतली आहे. खरेदीच्या वेळी इसम पूर्ण शुद्धीवर होता. इसम मीच.

कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. आमच्या पोर्चमध्ये ती मावत नाही. तिचं नाक फाटकाबाहेर येतं आणि दूधवाला रोज तिला वळसा घालून, मला शिव्या देत आत येतो. बायको काही बोलली नाही. सासरे बोलले.

सासऱ्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, कापड छापणारं. छपाई कधीच थांबली, पण आयुधपूजेला ते अजून जुने लाकडी ठसे पुसून मांडतात. मागच्या वर्षी ठशांना कुंकू लागलं, बायकोच्या शिलाई मशीनला लागलं, गाडीच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवून झाली. शेजारी मी कयाक धुऊन, झेंडूची माळ घालून ठेवली होती. सासरे तबक घेऊन तिच्यासमोरून सरळ पुढे गेले.

“मामा, ही राहिली.”

“हिनं घरी काय आणलं?”

“अजून काही नाही.”

“मग सुम्ने, उगीचचं खेळणं ते. कुंकू कामाच्या वस्तूला लावतात, जावई.”

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. बावीस वर्षांपूर्वी रत्नागिरीहून नोकरीसाठी आलेला हा जावईसुद्धा त्यांच्या लेखी असलंच काहीतरी असणार. मी मनात ठरवलं, पुढच्या आयुधपूजेच्या आत एक मासा.

मग सुरू झाली वणवण. कयाक टपावर बांधायची, हुणसूर मागे टाकायचं, घाट उतरायचा, मंगळूरच्या पुढे एका किनाऱ्यावर पोचायचं आणि तासन्‌तास वल्हं मारायचं. पहिल्या खेपेला फक्त ओकलो. दुसऱ्या खेपेला एक चिमुकला मासा लागला, तो पोट फुगवून माझ्याकडे बघत बसला, सोडून दिला. तिसऱ्या खेपेला कुणीतरी गळच तोडून नेला. पुन्हा सहा तास गाडी, घरी आल्यावर होडीचं मीठ गोड्या पाण्यानं धुणं, आणि बायकोकडून खांद्यांना तेल. डावा खांदा तर बिजागरीसारखा वाजायला लागला. मग पावसाळा आला, समुद्र खवळला, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

समुद्र शांत झाला तो थेट आयुधपूजेच्या तोंडावर. आदल्या सकाळी मी पाण्यात होतो. दोन तास काही नाही. मग दोरी सणसणत सुटली, होडी वळली आणि ओढली जाऊ लागली. मी मासा धरलाय की माशानं मला, हे बराच वेळ ठरेना. शेवटी हातभर लांबीची सुरमई माझ्या मांडीवर येऊन पडली. ओरडावंसं वाटलं नाही. आनंद व्हायलाही अंगात थोडी ताकद लागते.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा स्टिअरिंगवरची बोटं सरळ होत नव्हती. पोर्चमध्येच बर्फाची पेटी उघडून मी हाक मारली. बायको रेशमी साडीत बाहेर आली. मागे हळदीकुंकवाच्या बायका, त्यांच्यामागे घट.

“अय्यो! नवरात्रात मासा? दिवस कुठला, कळतं का नाही तुमाला?”

नवरात्रात आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. आयुधपूजा नवरात्राच्या नवव्या दिवशी असते. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. फक्त त्या माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नव्हत्या.

सुरमई समोरच्या शेजाऱ्यांकडे गेली. त्याआधी सासरे येऊन पेटीत डोकावले, मग माझ्या तळहातांवरचे फोड बघितले आणि आत गेले. संपलं, मी म्हटलं. आंघोळ केली आणि न जेवता झोपलो.

सकाळी हात खांद्याच्या वर जाईनात. कयाक न धुता, मिठानं पांढरी होऊन तशीच पडली होती. तिला माळ घालायचाही मला कंटाळा आला. मी पायरीवर बसून बघत होतो. ठसे झाले, मशीन झालं, गाडी झाली. सासरे पुढे आले, थांबले. त्या खारट नाकावर त्यांनी कुंकवाचं भलंमोठं बोट ओढलं. मग हातात लिंबू घेऊन होडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, वाकून खाली बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले:

“अय्यो देवरे, हिला चाकंच नाहीत! लिंबू कुठं ठेवू, जावई?”